अँटेनाला अंगरखा

कॉम्प्युटरवर टीव्ही लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे, असं त्या खोक्यावर छापलेलं होतं. छापणाऱ्याला आमचं घर माहीत नव्हतं, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. मला ते काम करायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला "आलं का?" असं विचारू लागला. सुरात इतकी काळजी, की नव्या माणसाला वाटावं घरात कोणी अडलेलं आहे.

सुरुवात एका पत्राने झाली. माझ्या सासूबाई ज्येष्ठांच्या गायनवर्गात जायच्या. त्या वर्गाचं एक समूहगीत शहरातल्या टीव्ही केंद्राने चित्रित केलं होतं. बावीस बायका आणि चार मिनिटांचं गाणं. त्यानंतर आठच दिवसांनी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दोन महिने त्या आमच्या लेकीच्या खोलीत पलंगावर होत्या. लेक नोकरीसाठी परगावी गेलेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिलेला. तर त्या पलंगावर हे पत्र आलं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी अकरा वाजता गाणं दाखवणार. एकदाच. पुनःप्रसारण नाही.

सासूबाईंनी पत्र तीनदा वाचलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "मी काही बघणार नाही."

"का हो आई?"

"हॉलपर्यंत कोण जाणार?"

खरी मेख तिथेच होती. डॉक्टरांच्या मते हाड केव्हाच जुळलं होतं. व्यायामाच्या बाई दिवसाआड यायच्या आणि जाताना दारात मला हळूच सांगायच्या, "हाड तयार आहे हो, आजी तयार नाहीत. आता नाही उठल्या तर मग उठायचं राहूनच जाईल." सासूबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "चालणार आहे ना. उद्या." त्यांचा वॉकर पलंगाशेजारच्या कोपऱ्यात उभा होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडल्या पडल्या त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. त्या कव्हरात तो इतका शोभून दिसायचा, की आल्यागेल्याला वाटे कोपऱ्यात कोणी पाहुणी बसली आहे.

कव्हरांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घरात उघडं असं काही राहत नाही. मिक्सरला कव्हर, इस्त्रीला कव्हर, शिवणयंत्राला कव्हर, आणि त्या कव्हराला मळू नये म्हणून वरून एक जुनं कव्हर. रिमोट पिशवीत असतो. माझ्या लग्नात मिळालेला कपांचा संच तेवीस वर्षं टॉवेलात गुंडाळलेला आहे. त्यावर निळी फुलं आहेत की हिरवी, यावरून माझा आणि यांचा एकदा कडाक्याचा वाद झाला, पण उलगडून बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही. "झाकलेली वस्तू टिकते," हे सासूबाईंचं तत्त्वज्ञान. ते खोटं म्हणता येत नाही. वस्तू टिकल्या आहेत. वापरल्या तेवढ्या नाहीत.

तर, सासूबाई हॉलमध्ये जात नाहीत, मग हॉल त्यांच्याकडे का आणू नये? हॉलमधला टीव्ही यांनी स्वतः भिंतीला लावला आहे. आठ स्क्रू. "भूकंप झाला तरी हलणार नाही," असं ते तेव्हा म्हणाले होते आणि ते शब्दशः खरं निघालं. टीव्ही काढायचा तर भिंत सोबत घ्यावी लागणार. शिवाय त्यावर ते केंद्र दिसतच नव्हतं. मी केबलवाल्याला फोन केला.

"ताई, तीनशे वीस चॅनल दिलेत मी तुम्हाला. त्यातलं एखादं बघा ना."

"पण माझ्या सासूबाई त्या एकाच चॅनलवर आहेत."

तो म्हणाला, "त्यांना यातल्या एखाद्यावर नाही का जाता येणार?"

केंद्रालाही फोन केला. तिथल्या बाई गोड बोलल्या. कार्यक्रम "नंतर" संकेतस्थळावर टाकू म्हणाल्या. मी संकेतस्थळ उघडून पाहिलं. त्यांचं "नंतर" दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं.

तेव्हा मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मी कॉम्प्युटर कुठे शिकले, असं विचाराल तर कुठेच नाही. लेकीच्या मागे उभी राहून, तिचं "आई, हात नको लावू" ऐकत ऐकत शिकले. नंतर ती गेली आणि हात लावायला मोकळीक मिळाली. माझी एक वही आहे. कुठलं बटण दाबल्यावर काय झालं आणि ते परत पूर्ववत कसं केलं, हे मी त्यात लिहून ठेवते. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे.

दुकानदाराने आगपेटीएवढी एक काळी डबी काढली. "ही कॉम्प्युटरला लावायची. ही हवेतलं चॅनल पकडते."

"आमचं केंद्र हवेत आहे?"

"म्हणजे काय! आत्ता इथे आहे," असं म्हणून त्याने आम्हा दोघांच्या मधल्या हवेकडे बोट दाखवलं. मी आदराने जरा मागे सरकले.

घरी आल्यावर डबी लावली. सोबत बोटभर उंचीची अँटेना होती, तिच्या बुडाला लोहचुंबक. माहितीपत्रक अकरा भाषांत होतं आणि अक्षरं अशी बारीक, की कुठल्याच भाषेवर अन्याय झालेला नव्हता. मी चित्रं बघून पुढे गेले. पडद्यावर "वाहिन्या शोधत आहे" अशा अर्थाचं काहीतरी आलं, एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, सासूबाईंनी चष्मा पुसला, हे ऑफिसचे कपडे न बदलता येऊन उभे राहिले, आणि पट्टी टोकाला पोचल्यावर मोठ्या आनंदी अक्षरांत उत्तर आलं: सापडलेल्या वाहिन्या, शून्य.

"तू काहीतरी बिघडवलंयस," हे म्हणाले.

"अजून लागलेलंच नाही ते बिघडेल कसं?"

"तेच तर. लागायच्या आधीच."

मी पुन्हा शोधायला लावलं. शून्य. अँटेना कपाटावर ठेवली. शून्य. खिडकीच्या लोखंडी गजाला चिकटवली. शून्य. मनात म्हटलं, निदान मत बदलत नाही, घरात असा एक जण तरी आहे.

दुसऱ्या दिवशी रेंजकाका आले. रेंजकाका म्हणजे समोरच्या घरातले. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले, पण एक्स्चेंज त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. इमारतीत कोणाचाही फोन कट झाला की काका गच्चीच्या दिशेने बघून मान हलवतात. त्यांनी डबी हातात घेतली, कानाशी नेली, हलवली आणि म्हणाले, "पंपाचा त्रास आहे."

"कसला पंप?"

"तळमजल्यावरचा पाण्याचा पंप. त्याच्या मोटारीची खरखर वर येते. चाळीस वर्षं मी हेच सांगतोय, पण ऐकतं कोण?"

पंप त्या वेळी बंद होता, हे मी काकांच्या लक्षात आणून दिलं. त्यांना ते आवडलं नाही. मग त्यांनी खोलीतली एकेक वस्तू संशयाने बघायला सुरुवात केली. घड्याळ, पंखा, मी. शेवटी नजर सासूबाईंच्या उशाशी असलेल्या दिव्यावर गेली. "हा बंद करा."

दिवा बंद केला. हिरवी पट्टी सरकली. सापडलेल्या वाहिन्या, चार!

काका असे काही उभे राहिले, की त्यांच्या पायाशी फलक लावायचा तेवढा बाकी होता. तो स्वस्तातला दिवा खरोखरच लहरींत घुसखोरी करत होता. मी वहीत लिहिलं, "दिवा बंद म्हणजे टीव्ही चालू." त्या चारांत आमचं केंद्र होतं, पण त्याचं चित्र म्हणजे नुसते चौकोन. निवेदिकेचा अर्धा चेहरा यायचा आणि उरलेल्या अर्ध्याची वाट बघेपर्यंत पहिला जायचा. जे एकच चॅनल स्वच्छ दिसत होतं, त्यावर मधमाश्या पाळण्याबद्दल माहिती चालली होती. एक गृहस्थ डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या अंगरख्यात, तोंडावर जाळी, हळूहळू पेटीचं झाकण उचलत होते.

सासूबाई कोपरावर टेकून उठल्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "बघ, कसं सगळं झाकलंय. म्हणून टिकलाय तो."

त्या दिवशी त्यांनी मधमाश्या सव्वा तास पाहिल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडल्या नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, आता माघार नाही. रविवारी अकरा वाजता या बाईला तिचं गाणं दिसलंच पाहिजे. दिसलं तर कदाचित तिला आठवेल, की आपण पलंगावर राहणारी बाई नाही.

"आतली अँटेना पुरणार नाही," काकांनी निकाल दिला. "गच्चीवर मोठी लावावी लागेल. आमच्याकडे माळ्यावर जुनी आहे, काटेवाली. पण गच्ची म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. गच्ची म्हणजे कलमसाहेब.

कलमसाहेब आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण नियम क्रमांकाने बोलतात. त्यांना "कसे आहात?" असं विचारलं तरी ते आधी मनात कलम शोधतात. गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. मी अर्ज लिहून नेला.

"अँटेना कायमस्वरूपी की तात्पुरती?" त्यांनी विचारलं. "कायमस्वरूपी असेल तर कलम चौदानुसार सर्वसाधारण सभा. ती आता सहा महिन्यांनी."

"तात्पुरती."

"तात्पुरती फक्त दोन कारणांसाठी. दुरुस्ती किंवा वैद्यकीय."

"आणि करमणूक?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गच्चीवर हत्ती बांधायची परवानगी मागितली आहे.

मी क्षणभर विचार केला. मग अर्जात "उद्देश" या शब्दापुढे लिहिलं: वैद्यकीय. खोटं बोलायची मला सवय आहे, लिहायची नाही.

"प्रमाणपत्र लागेल," कलमसाहेब म्हणाले.

व्यायामाच्या बाईंना मी दारात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या लगेच पिशवीतून कागद काढून, माझ्याच पाठीवर ठेवून लिहू लागल्या. "रुग्णास उठून उभे राहण्यासाठी सबळ कारणाची आवश्यकता आहे. त्यासाठी अँटेना उपयुक्त ठरू शकेल." खाली सही आणि शिक्का. कलमसाहेबांनी तो कागद उलटसुलट पाहिला, शिक्का उजेडात धरला आणि आठ दिवसांची परवानगी दिली. सोमवारी अँटेना उतरवायची, नाहीतर कलम एकोणीस.

गुरुवारी अँटेना चढली. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, आमच्या डोक्यावरच गच्ची. त्यामुळे वायर सरळ कठड्यावरून खाली सोडून सासूबाईंच्या खिडकीतून आत घेतली. मग दिशा लावायचं काम. मी गच्चीवर अँटेनाचा दांडा धरून, हे जिन्यात मध्यावर, आणि काका खाली कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर सिग्नलचा आकडा यायचा. तो काका ओरडून सांगणार, हे झेलून वर फेकणार, आणि मी दांडा फिरवणार. योजना उत्तम होती. अडचण एवढीच, की हे प्रत्येक आकडा माझ्यापर्यंत पोचवण्याआधी त्यावर स्वतःचं मत जोडत होते.

"एकेचाळीस!" खालून काका.

"चाळीसच्या आसपास आहे, पण मला वाटतं तू दांडा चुकीचा धरलायस!" जिन्यातून हे.

"नुसता आकडा सांगा!"

"आकडाच सांगतोय! ओरडू नकोस, जिन्यात माणसं आहेत!"

जिन्यात खरंच माणसं होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी यांना आकडे लिहून देत होत्या. अँटेना पूर्वेकडे हवी असं एकीचं म्हणणं, तर खालच्या मजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, आमच्या वेळी नुसती तार टाकली तरी यायचं. पाऊण तासाने आकडा ब्याऐंशीवर गेला आणि खालून एक नवाच आवाज आला. काकांचा नव्हता. सासूबाईंचा होता. पलंगावरूनच, पण खणखणीत: "निवेदिकेच्या कानातलं दिसतंय गं!"

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दांडा पक्का आवळला. शुक्रवारी चित्र स्वच्छ. शनिवारी स्वच्छ. शनिवारी दुपारी मी वही घेऊन बसले आणि डबीसोबतच्या सॉफ्टवेअरमधलं एक लाल बटण शोधून काढलं. वेळ सांगून ठेवली की कॉम्प्युटर त्या वेळचं आपोआप रेकॉर्ड करतो. रविवार, दहा पंचावन्न ते साडेअकरा, असं भरलं. ते चालेल यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून कोणाला सांगितलं नाही. या घरात माझ्या नावावर आधीच बरंच काही होतं.

रविवार उजाडला. साडेदहाला मी सासूबाईंना उशांना टेकवून बसवलं. त्यांनी गाण्याच्या वेळी घातलेला तोच निळा स्वेटर मागितला. केस विंचरले. चष्मा लावला. रेंजकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी दिवा बंद केला, डबी चालू केली आणि केंद्र लावलं.

सिग्नल नाही.

आकडा: तीन. ब्याऐंशी नव्हे, बारा नव्हे, तीन.

मी डबी काढून घातली. वायर हलवली. वही चाळली. दिवा बंद असूनही पुन्हा बंद केला. घड्याळात दहा बेचाळीस झाले होते.

"पंप!" काका गरजले. "रविवारी टाकी धुतात! मी सांगत नव्हतो?" आणि चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करायला ते जिना उतरून तळमजल्याकडे पळाले सुद्धा.

"मी वर बघून येते," म्हणून मी गच्चीकडे धावले. कलमसाहेबांनी वैद्यकीय कारणास्तव किल्ली आमच्याकडेच ठेवली होती, एवढं एक नशीब. दार ढकललं आणि डोळे दिपले.

अँटेना जाग्यावर होती. पण ती अँटेना उरली नव्हती. तिने आपादमस्तक एक चंदेरी अंगरखा घातला होता. उन्हात उभ्या गाडीच्या काचेला लावतात ना, तो चकचकीत पडदा, त्याचा बेतून शिवलेला. एकेका काट्याला वेगळी बाही. कडेला नागमोडी शिवण. खाली नाडी, आणि नाडीला यांच्या हातच्या गाठी. यांच्या गाठी मी कुठेही ओळखते, कारण त्या सुटत नाहीत.

हे धापा टाकत मागून आले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कव्हर," हे म्हणाले. "आईने शिवलं. तीन दिवस उशीखाली लपवून शिवत होती. आज पाऊस येईल म्हणाली. आजच्या दिवशी भिजायला नको. सकाळी नऊला मी घालून आलो. तुला सांगू नको म्हणाली, आश्चर्य द्यायचं होतं."

"अहो, हे चंदेरी आहे! यातून लहरी कशा जाणार? डब्यात घालून झाकण लावल्यासारखं झालंय!"

यांनी अंगरख्याकडे पाहिलं. एक मिनिट फार विचार केला. "पण मापात बसलंय," हे म्हणाले.

गाठी सुटेनात. नखं गेली, दात लावले. शेवटी यांनी नाडीच हिसडली. नाडी तुटली, अंगरखा निघाला, आणि त्या हिसक्याने दांडा गर्रकन फिरून अँटेना भलतीकडेच तोंड करून उभी राहिली. आता दिशा पुन्हा लावायची. आकडा सांगायला खाली काका नाहीत. ते पंपाशी भांडतायत. माझा फोन खाली, यांचा फोन त्याच्या पाकिटात आणि पाकीट हॉलमध्ये. मी यांना म्हटलं, "पळा खाली!" हे म्हणाले, "मी पोचेपर्यंत वाजतील अकरा." खालच्या चौकातल्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

मी दांडा धरून नुसतीच उभी राहिले. खोटं लिहून परवानगी काढली, नऊ दिवस इमारतीत हसं करून घेतलं, आणि आता त्या बाई खाली निळा स्वेटर घालून रिकाम्या पडद्याकडे बघत असतील, असं मनात आलं. रडू येणारच होतं. तेवढ्यात कठड्याखालून आवाज आला.

"फिरव ना! अशी थांबलीस काय?"

मी फिरवलं.

"दहा! बारा! फिरव अजून! वीस! अगं उलटं नको, होतं तसंच! पस्तीस!"

किती सुंदर आकडे होते ते! नुसते आकडे! मत नाही, सल्ला नाही. मी दांडा तसूतसूने सरकवत होते.

"साठ! थांब... पंचावन्न झालं, पुढे गेलीस! माघारी ये! सत्तर! चौऱ्याऐंशी! आलं! आलं गं! धर तसंच!"

"आवळा!" मी ओरडले. यांनी पकड आवळली. ब्याऐंशीच्याही दोन पुढे! मी आनंदाने यांचा दंड धरून हलवला. हे मात्र पुतळ्यासारखे उभे.

"अगं," हे हळूच म्हणाले, "आई कुठून बोलत होती?"

"खिडकीतून."

"खिडकी पलंगापासून किती लांब आहे?"

सात पावलं. मला माहीत होतं. व्यायामाच्या बाईंनी पहिल्या दिवशीच मोजून सांगितलं होतं, की आपलं पहिलं लक्ष्य ती खिडकी.

आम्ही जिना कसा उतरलो, ते मला आठवत नाही. जिन्यात वर आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी "आलं का?" विचारलं, त्यांना काही उत्तरही दिलं नाही.

सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. दोन्ही हात वॉकरवर, केस वाऱ्याने विस्कटलेले, तोंड बाहेर. मागे पडद्यावर निवेदिका हसून म्हणत होती, "...आणि आता पाहू या पुढचा कार्यक्रम." वॉकरचं फुलाफुलांचं कव्हर पलंगाजवळ जमिनीवर पडलं होतं. उलटं, चुरगळलेलं, घडी न घातलेलं. त्या घरात तेवीस वर्षांत मी असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"आलं ना?" त्यांनी विचारलं. मग आमच्या तोंडाकडे पाहिलं, मागे वळून पडद्याकडे पाहिलं. चेहरा हळूहळू उतरला. "झालं वाटतं माझं."

चार मिनिटांचं गाणं. एवढा वेळ त्या खिडकीतून वर आम्हाला आकडे सांगत होत्या, पडद्याचा फक्त कोपरा बघत.

"आई, तुम्ही उभ्या आहात," हे म्हणाले.

"मग काय करू? हिला कोणी आकडाच सांगेना. तुला सांगून उपयोग नव्हता." आणि मग, पायांकडे बघत, जणू ते दुसऱ्याचे पाय आहेत अशा स्वरात, "खुर्ची दे रे जरा."

खुर्ची दिली. तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. एक छोटा लाल ठिपका लुकलुकत होता. लाल बटण! मी यांना बाजूला सारून कॉम्प्युटरसमोर बसले, वही उघडली, वहीप्रमाणे केलं, चुकलं, चुकल्यावर काय करायचं तेही वहीत होतं, ते केलं, आणि पडद्यावर गाणं सुरू झालं.

आधी नुसता अंधार. मग चौकोन. मग अर्धे अर्धे चेहरे. ते एकेक चित्र सासूबाईंच्या आकड्यांनी जुळत आलेलं, हे आम्हा तिघांनाच कळत होतं. दुसऱ्या कडव्याला चित्र लख्ख झालं. पहिली रांग, दुसरी रांग. शेवटच्या कडव्यात कॅमेरा हळूहळू डावीकडे गेला आणि निळा स्वेटर दिसला. एकवीस बायका वर बघून, तोंड भरून गात होत्या. बाविसावी वाकून पुढच्या टेबलावरचं वाकडं झालेलं कापड सरळ करत होती. पुरते चार सेकंद.

तेवढ्यात रेंजकाका दारातून आत आले. "पंप बंद केला!" त्यांनी विजयाने सांगितलं. "बघा, आलं की नाही?" त्यांना कोणी काही म्हटलं नाही. माणसाने चाळीस वर्षं वाट पाहिली असेल, तर तेवढं त्याला द्यावं.

"मी गातच नाहीये गं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"ते कापड वाकडं झालं होतं." थोडं थांबून, "परत लाव."

त्या दिवशी मी ते सोळा वेळा लावलं. पाचव्या वेळेला त्या पडद्याजवळून बघायचं म्हणून उठल्या. आठव्या वेळेला व्यायामाच्या बाईंना फोन करून सांगायचं म्हणून हॉलमध्ये निघाल्या. फोन माझ्या हातात होता. मी तो पाठीमागे लपवला.

सोमवारी कलमसाहेब अँटेना उतरवायला आले. पॅसेजमध्ये सासूबाई वॉकर ठोकत समोरून येत होत्या. साहेबांनी अंग चोरून वाट दिली, माझ्या अर्जावरचा "वैद्यकीय" हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि खाली लिहिलं, "रुग्णात सुधारणा दिसून येते. उपचार चालू ठेवण्यास हरकत नाही. मुदत: पुढील सभेपर्यंत." माझ्या मनावरचं ओझं उतरलं. लिहिताना खोटं होतं ते वाचताना खरं निघालं, याहून चांगला अर्ज मी आयुष्यात केलेला नाही.

वॉकरचं ते फुलाफुलांचं कव्हर मी धुऊन, घडी घालून त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. बुधवारी पाहिलं तर त्यांनी ते उसवलेलं. आणि त्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून वॉकरच्या दांड्याला अडकवत होत्या. एकीत चष्मा, दुसरीत रिमोट. रिमोट त्याच्या नेहमीच्या पिशवीतून बाहेर काढलेला, वरून उघडाबोडका.

"आई, कव्हर?"

"कव्हर घालून चालता येतं का कधी?" त्या माझ्यावरच वैतागल्या. "आणि चष्मा हॉलमध्ये कसा नेऊ? दातात धरून?"